पठारावरचे धुके

भीमा आणि घोड या नद्यांच्या काठी ज्यांचे आयुष्य गेले, त्या आम्हां दौंड-शिरूरकरांस वर्षाकाठी जेमतेम 500 मिलिमीटर पावसाची सवय. ऊन कसे सोसावे हे आम्हांस कोणी शिकवावे लागत नाही, परंतु हरिश्चंद्रगडासारख्या सुमारे 1,400 मीटर उंचीच्या पठारावर श्रावणात पाऊस, वारा आणि धुके एकत्र आले म्हणजे काय होते, याची कल्पना आमच्या मुलखात येत नाही. म्हणून तेथे आम्हांवर गुदरलेला प्रसंग सांगतो.

आळेफाट्यावरून ओतूर मागे टाकून आम्ही खुबी फाट्यास उतरलो आणि पिंपळगाव जोगा धरणाच्या भिंतीवरून खिरेश्वरास आलो. टोलार खिंडीपर्यंतची वाट स्पष्ट आहे. खिंडीवरचा कातळटप्पा कठड्याच्या आधाराने चढून गेल्यावर मात्र टेकाडामागून टेकाड लागते, आणि गडावरच्या मंदिराची वाट कोणती व गुरांची कोणती हे ओळखू येत नाही. नेमके तेथेच धुके उतरले. आमच्या मेळ्याचे नेतृत्व करणाऱ्या गृहस्थांनी, पाणी शेवटी गावालाच जाते या सपाटीवरच्या अनुभवावर विसंबून, एका ओढ्याच्या कडेने उतरण्याचा आग्रह धरला. नदीकाठच्या माणसांस तो पटावा हे स्वाभाविकच. परंतु त्या पठारावरचे कित्येक ओढे थेट कड्यावरून खाली कोसळतात. आमच्या हाका ऐकून एक गुराखी धावत आला, त्याने आम्हांस परत फिरवले आणि आपल्या झापावर नेले.

तोवर आमच्यातील एका तरुणाचा सुती सदरा भिजून अंगास चिकटला होता. प्रथम त्यास हुडहुडी भरली. पुढे ती थांबली, जीभ जड झाली आणि ‘मला इथेच झोपू द्या’ असे तो म्हणू लागला. हुडहुडी थांबणे हे सुधारण्याचे लक्षण नव्हे, शरीराची ऊब संपत आल्याचे आहे, हे प्रत्येकाने मनावर कोरून ठेवावे. आम्ही त्याचे ओले कपडे उतरवले, कोरड्या घोंगडीत त्यास गुंडाळून दोघे दोन्ही बाजूंस बिलगून बसलो, आणि गिळता येऊ लागल्यावर गोड चहा पाजला. मद्य अशा वेळी मुळीच देऊ नये. नोव्हेंबर 1971 मध्ये स्कॉटलंडमधील केर्नगॉर्म पठारावर हिमवादळात अडकून पाच शाळकरी मुले आणि त्यांच्यासोबतची एक तरुण सहायिका प्राणास मुकली. तेथे बर्फ होते, येथे पाऊस. पण घात करणारा गारठा एकच, आणि बर्फ नाही म्हणून आपण निर्धास्त असतो, हे मला अधिक भयंकर वाटते.

तेव्हा सुती कपड्यांऐवजी लोकरीचे वा लवकर वाळणारे कपडे घाला, आणि एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून न्या. धुके आल्यास पांगू नका. शेवटची खात्रीची खूण जवळ असेल तर तेथवर परता, नसेल तर आडोसा धरून थांबा. गडमाथा अकोले तालुक्यात आणि खिरेश्वर जुन्नर तालुक्यात असल्याने 112 वर खबर देताना कोणत्या वाटेने चढलात आणि शेवटची खूण कोणती दिसली, हे आधी सांगा. सर्वांत महत्त्वाचे, खिरेश्वर सोडण्यापूर्वी गावातला वाटाड्या सोबत घ्या, त्याची मजुरी घासाघीस न करता द्या, आणि ‘आज वर जाऊ नका’ असे तो म्हणाला तर त्याचे ऐका.