हलगी शेकू दे, मग माईक लाव

फुकटची ड्रम किट जरूर उतरवून घे, बाळा. 808 चा किक, क्लॅप, हाय-हॅट यांवर पैसे घालायची आज गरज नाही. फक्त किट फुकट मिळालं म्हणून त्यावर केलेलं गाणं विकता येईलच, असं धरून चालू नकोस. फ्रीसाउंड या साइटवर एकेका आवाजाची अट वेगळी. सीसी झीरो असेल तर वापर मोकळा, ॲट्रिब्यूशन असेल तर करणाऱ्याचं नाव द्यायचं, नॉनकमर्शियल असेल तर कमाईच्या गाण्यात तो आवाज घ्यायचाच नाही. परवान्याची फाईल किटच्याच फोल्डरमध्ये ठेव.

पण ते किक-स्नेअर सगळ्या जगाकडे आहेत. तुझ्या बीटमध्ये माणदेश ऐकू यायला हवा असेल तर हलगीचं किट तुलाच बनवावं लागेल. म्हसवडच्या नाहीतर खरसुंडीच्या यात्रेतलं वाजवणं मोबाईलमध्ये धरून आणलंस तर त्यात भोंगे आणि गर्दीच जास्त येईल, सुटा ठोका निघणार नाही. वादकाला मानानं घरी बोलव. स्लॅबच्या रिकाम्या खोलीत भिंतींचा घुमारा प्रत्येक ठोक्याला चिकटतो आणि मग सुटत नाही. वारा पडला असेल तर मोकळं रान उत्तम, नाहीतर खोलीत चारी बाजूंनी गोधड्या टांग.

चामड्याची हलगी वादक आधी शेकून घेईल, तेव्हा घाई करू नकोस. पान तापलं की आवाज चढतो, गार होईल तसा उतरतो, पावसाळी हवेत तर फारच लवकर. म्हणून एका प्रकारचे सगळे ठोके एकाच शेकात घे, मग पुन्हा शेकू दे. नाहीतर एकाच किटमध्ये दोन वेगळ्या हलग्या ऐकू येतील. फायबरच्या पानाला हा त्रास नाही, पण मला चामड्याचाच आवाज भरीव वाटतो.

माईक दोन हात लांब, जरा तिरका. जोराचा ठोकाही मीटरवर उणे 6 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नकोस, फाटलेला आवाज कुठल्याही प्लगिनला पूर्ण शिवता येत नाही. टिपरूचा ठोका, बारीक काडीचा, काठावरचा, असा प्रत्येक हळू, मध्यम आणि जोरात, चार-पाच वेळा घे. तेच एक सॅम्पल परत परत वाजलं की कानाला यंत्र कळतं. नाद पूर्ण विरू दे, मगच पुढचा ठोका. कापताना सुरुवातीची शांतता साफ काढ, नाहीतर पॅड दाबल्यावर आवाज मागे पडतो.

मग वादकाला मनासारखं वाजवू दे आणि तेही पूर्ण घे. हलगीच्या कितीतरी चाली तीनच्या झोकात जातात, सोळाच्या सरळ ग्रिडवर ओढल्यास की चाल मोडते. एमपीसी सॅम्पलरचा स्विंग 66 टक्क्यांच्या आसपास नेऊन बघ, तिथे तो झोक सापडतो. खाली 808 घातल्यावर आवाज पातळ झाला तर दोघांपैकी एकाची फेज उलटी कर.

बिदागी त्याच दिवशी वादकाच्या हातात दे. गाण्याला पुढे पैसे आले तर त्याचा वाटा किती, हे कागदावर लिहून दोघं सह्या करा. 1969 च्या ‘अमेन, ब्रदर’ या गाण्यात ग्रेगरी कोलमननं वाजवलेला काही सेकंदांचा ड्रम हजारो गाण्यांत गेला. त्याचा पैसा त्याला मिळाला नाही, 2006 मध्ये तो गेला. आपल्याकडे हलगी वाजवणारी घरं पिढ्यान् पिढ्या गावकुसाबाहेर ठेवली गेली, आणि वरात मात्र त्यांच्याशिवाय हलली नाही. तेव्हा किट फुकट वाटायचं असेल तर आधी वादकाला विचार. त्यानं हो म्हटलं तर फोल्डरला त्याचं नाव दे, गावाचं दे, आणि साल घाल.