आबांचं पत्र

चि. बाळूस,


ते पोर शाळेत परत आलं का? खुशाली नंतर विचारतो, आधी एवढं सांग.

काल तुझ्या आत्याचा फोन आला. हजेरीला 'हजर' म्हणेना म्हणून तू दुसरीतल्या पोराच्या थोबाडीत मारलीस, अन् तेव्हापासून ते शाळेत फिरकलेलं नाही. मला वाटलं, कुणीतरी उगाच उठवलं असेल. पण तूच तिला सांगितलंस म्हणे. वर हेही, की आबा फौजी, त्यांच्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यायची. अरे, माझ्या वर्गात घंटा पडली असती तरी मला ऐकू आली नसती!

मुलांना मारायला बंदी करणारं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ तू परीक्षेत घोकलंयस, ते मी सांगत बसत नाही. पण सात वर्षांच्या जिवावर हात टाकायचा, ही कसली मर्दुमकी?

जमालपूरच्या लढाईचं तू लहानपणी शंभरदा ऐकलंस. डिसेंबर १९७१. आमच्या ब्रिगेडियर क्लेरसाहेबांनी शरण या म्हणून चिठ्ठी धाडली, तर तिकडच्या पाकिस्तानी कर्नलनं उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. आमची जंगी पलटण ब्रह्मपुत्रा ओलांडून शहराच्या दक्षिणेला रस्ता अडवून बसलेली. १० तारखेच्या रात्री ते फुटून बाहेर पडायला आमच्यावरच आले. पहाटेपर्यंत चाललं आणि ११ तारखेला शरण आले. इथवर तुला पाठ आहे. त्या रात्री जवळच गोळा फुटला अन् माझा डावा कान गेला, हे मात्र मी कुणाला सांगितलं नव्हतं. पलटणीत लपवलं, पुढं डी.एड. करून मास्तर झालो तेव्हाही लपवलं. नोकरी जाईल ही भीती.

१९८२, पहिलीच शाळा. खिडकीकडच्या, माझ्या डाव्या हाताच्या रांगेत एक बारकं पोर बसायचं. तीनदा नाव पुकारलं, उत्तर नाही. उठलो आणि दिली ठेवून. शेजारची पोरगी म्हणाली, "गुरुजी, तो तिन्ही वेळा हजर म्हणाला."

चार दिवस आलं नाही ते. मी रोज त्याच्या घरापर्यंत जायचो आणि वेशीतल्या पारावरून परत फिरायचो. जमालपूरला पाय मागं घेतला नव्हता, तिथं घेतला. पाचव्या दिवशी आपणहून आलं. मग वर्षभर नाव पुकारलं की जागेवरून उठायचं, टेबलाला वळसा घालून माझ्या उजव्या बाजूला यायचं आणि हळूच म्हणायचं, "हजर." त्याला कुणी सांगितलं होतं, कुणास ठाऊक. माफी मागायची माझी राहूनच गेली.

तुझ्या धडगावची पोरं घरी पावरी बोलतात. त्या लेकरानं काहीतरी म्हटलंही असेल रे. तू पारावरून परत फिरू नकोस. घरात जा, त्याच्या आईनं दिलेलं पाणी पी.

रागानं लिहायला बसलो होतो. डोंगरात एकटा राहतोस, हातानं भाकऱ्या थापतोस, त्यात दोन वर्ग एका खोलीत. जीव उबगत असेल. जेवतोस ना वेळेवर? आजीनं कुरडया बांधून ठेवल्यात.

सुट्टीला येताना माझ्या कानाच्या यंत्राचे सेल आण, १३ नंबरचे, नारिंगी पट्टीचे. इथल्या दुकानात संपलेत. आणि ते पोर आलं, की त्याच दिवशी फोन कर. मी उजव्या कानाला धरीन.

तुझा,
आबा