संघाचें सभासदत्व : आपल्या घरचा एक धडा

दरवर्षीं ता. १५ ऑगस्ट रोजीं आमच्या शाळेच्या पटांगणांत निशाण चढतें, आणि त्यावर महिना उलटून दोन दिवस झाले, कीं ता. १७ सप्टेंबर रोजीं तें पुन्हां चढतें. यंदा आठवीच्या वर्गांतील एका मुलानें प्रश्न केला, "गुरुजी, देशाला स्वातंत्र्य एकदां मिळालें, मग आपल्या गांवाला तें दोनदां कसें मिळालें?" त्याच आठवड्यांत दहावीच्या एका मुलीनें युरोपच्या नकाशावर बोट ठेवून विचारिलें, "हे २७ देश निराळे आहेत, तर त्यांतील बहुतेकांचें नाणें एक कसें?" आम्हांस असें वाटलें, कीं हे प्रश्न दिसण्यांत दोन असले तरी मुळांत एकच आहेत. संघ म्हणजे काय, त्यांत शिरावें कसें, आणि शिरल्यावर द्यावें काय व घ्यावें काय, हाच तो प्रश्न होय. त्याचें उत्तर वर्गांतील एका तासांत मावेना, म्हणून तें येथें लिहीत आहों. पालकांनींही तें वाचावें. कारण ह्यांतील पुष्कळसा भाग त्यांच्या वडीलधाऱ्यांनीं स्वतः सोसलेला आहे.

सामाईक विहीर

आपल्या भागांत चार भावांची एक सामाईक विहीर असते. प्रत्येकाचें शेत निराळें, पीक निराळें, बैल निराळे. पाणी मात्र एक. पाण्याची पाळी ठरलेली असते, आणि उन्हाळ्यांत गाळ काढावयाचा तो सर्वांनीं मिळून. संघाचें असेंच आहे. निरनिराळीं राज्यें आपापलें घर राखून कांहीं अधिकार एकत्र करितात : नाणें, जकात, व्यापाराचे नियम, कोठें कोठें संरक्षणही. हे अधिकार पुढें ठरलेल्या पद्धतीनें सर्वांच्या वतीनें वापरले जातात. जो आपला अधिकार सामाईकांत घालतो त्याला बदल्यांत दोन गोष्टी मिळावयास पाहिजेत : निर्णयांत मत आणि फळांत वाटा. मत नसेल तर ती ताबेदारी झाली, आणि वाटा नसेल तर ती नांवापुरती भागीदारी झाली. हीं दोन मापें विद्यार्थ्यांनीं हातांत धरावीं आणि पुढील हकीकत वाचावी.

नाक्यावरचा रुपया

सन १९४८ पर्यंत लोहारा हें हैदराबादच्या निजामाच्या राज्यांत होतें. लोकसंख्येनें तें हिंदुस्थानांतील सर्वांत मोठें संस्थान. १९४१ च्या खानेसुमारींत तेथें सुमारें १ कोटी ६३ लक्ष माणसें मोजलीं गेलीं. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि आपला उस्मानाबाद (२०२३ पासून धाराशिव) असे मराठी मुलखाचे पांच जिल्हे त्यांत होते. पश्चिमेस लागूनच असलेला सोलापूर जिल्हा मात्र इंग्रजी अंमलाखालीं, मुंबई इलाख्यांत. भाषा एक, सोयरीक एक; तिकडचे लोक तुळजापुरास येत, इकडचे पंढरपुरास जात. परंतु मध्यें एक रेघ होती, आणि त्या रेघेवर नाका होता.

त्या नाक्याच्या खात्यास 'करोडगिरी' म्हणत. राज्यांत येणाऱ्या व राज्याबाहेर जाणाऱ्या मालावर तेथें कर द्यावा लागे. सन १८०२ च्या व्यापारी तहानें हा कर शेंकडा ५ ठरला होता. शिवाय नाणें निराळें : इकडे 'हाली' रुपया, तिकडे 'कलदार'. ७ हाली म्हणजे ६ कलदार असा ठरीव भाव होता. त्रैराशिक मांडून पाहा : १०० कलदारांचे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली होतात.

आतां समजा, लोहाऱ्याच्या एका गृहस्थानें सोलापुरास ६० कलदारांचें कापड घेतलें. त्यासाठीं त्याला घरून ७० हाली रुपये न्यावे लागले. परततांना शेंकडा ५ प्रमाणें ३ कलदार, म्हणजे साडेतीन हाली, नाक्यावर गेले. नाणीं बदलणाऱ्या सराफानें कांहीं आणे घेतले असतील तर ते निराळेच. हें कापड परदेशचें नव्हे. दोन मुक्कामांवरच्या सोलापूरचें! एकाच मुलखांत दोन तिजोऱ्या असल्या म्हणजे गरिबाला कसें दोनदां द्यावें लागतें, तें ह्या हिशेबांत दिसतें.

प्रवेश

सन १९४७ सालीं बहुतेक संस्थानिकांनीं सामीलनाम्यावर सह्या केल्या आणि संरक्षण, परराष्ट्रव्यवहार व दळणवळण हे तीन विषय हिंदी संघराज्याकडे सोंपविले. निजामानें सही केली नाहीं. ता. २९ नोव्हेंबर १९४७ रोजीं एक वर्षाचा 'जैसे थे' करार तेवढा झाला. ह्या सर्व घडामोडींत प्रजेस कोणी विचारिलें नाहीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

प्रजा मात्र गप्प नव्हती. आतां आपल्याच तालुक्यांत असलेल्या हिप्परगा येथें १९२१ सालीं एक राष्ट्रीय शाळा निघाली होती. १९२९ सालीं तेथें जे मुख्याध्यापक आले तेच पुढें स्वामी रामानंद तीर्थ ह्या नांवानें हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या लढ्याचे पुढारी झाले. खेड्यांतील एका शाळामास्तरानें एवढ्या राज्याशीं झुंज द्यावी, ह्याचा आमच्या धंद्यांतील माणसांस अभिमान वाटल्यावांचून कसा राहील?

ता. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं हिंदी सैन्य सोलापुराकडून नळदुर्गच्या वाटेनें आंत शिरलें आणि ता. १७ रोजीं निजामानें शरणागति पत्करिली. आपल्या दुसऱ्या निशाणाचा अर्थ हा. परंतु शिक्षकानें अर्धीच गोष्ट सांगूं नये. त्यापूर्वीं रझाकारांनीं गांवेंच्या गांवें लुटलीं व माणसें मारलीं. आणि नंतर सूडाच्या भरांत निरपराध मुसलमानांचीही हत्या झाली. केंद्र सरकारनें पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीनें ज्या जिल्ह्यांत हा अनर्थ अतिशय झाला असें म्हटलें, त्यांत आपलाही जिल्हा होता. निशाणास वंदन करितांना दोन्हीं दुःखांची आठवण ठेवणें हें आम्ही सत्यनिष्ठेचें लक्षण समजतों.

सामील होणें आणि सभासद होणें

सामील होण्याचें काम पांच दिवसांत झालें. सभासद होण्यास अकरा वर्षें लागलीं. ता. २३ नोव्हेंबर १९४९ च्या फर्मानानें निजामानें भारताची घटना मान्य केली आणि ता. २६ जानेवारी १९५० पासून हैदराबाद हें संघाचें एक राज्य झालें. ज्या प्रजेस कोणी विचारीत नव्हतें तिनें पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत मत दिलें, आणि १९५२ सालीं हैदराबादेंत निवडून आलेलें मंत्रिमंडळ बसलें. निजामाची रेल्वे ता. ५ नोव्हेंबर १९५१ रोजीं मध्य रेल्वेंत मिळाली. हाली रुपया १९५१ सालीं निघावयाचा बंद झाला, तरी चलनांतून पुरता रद्द झाला तो १९५९ सालीं. लोकांच्या गांठीस असलेला पैसा एका रात्रींत बुडूं नये, म्हणून मधलीं वर्षें दोन्हीं नाणीं चालूं दिलीं.

जकातीचेंही तसेंच. करोडगिरीचें उत्पन्न एकदम बंद केलें असतें तर राज्याच्या तिजोरीस मोठें भगदाड पडलें असतें. म्हणून मूळ घटनेच्या ३०६ व्या कलमानें अशा राज्यांस केंद्राशीं करार करून कांहीं मुदत जुना कर चालूं ठेवण्याची सवलत दिली होती. तें कलम १९५६ सालीं रद्द झालें. त्याच वर्षीं ता. १ नोव्हेंबर रोजीं हैदराबाद राज्याचे तीन भाग झाले : तेलंगण आंध्र प्रदेशांत, कानडी जिल्हे म्हैसुरांत आणि मराठवाडा मुंबई राज्यांत गेला. ता. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें.

युरोपांतील विहीर

आतां दहावीच्या मुलीचा प्रश्न. दोन महायुद्धांत एकमेकांचा संहार केलेल्या देशांनीं १९५१ सालीं पॅरिस येथें एक करार केला. फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जम, हॉलंड आणि लक्झेंबर्ग हे ते सहा देश. तोफा ज्यांपासून होतात तो कोळसा आणि तें पोलाद ह्यांचा कारभार त्यांनीं सामाईक केला. १९५७ च्या रोम येथील करारानें बाजारपेठ सामाईक झाली, १९९२ च्या मास्ट्रिक्ट करारानें युरोपीय संघ हें नांव आलें, आणि ता. १ जानेवारी २००२ रोजीं १२ देशांत 'युरो' हें नाणें लोकांच्या हातीं पडलें.

त्या संघांत सैन्यानें कोणास आणीत नाहींत. राष्ट्रानें स्वतः अर्ज करावयाचा. तेथें लोकशाही व कायद्याचें राज्य आहे काय, बाजार खुला आहे काय, आणि संघाचे नियम पाळण्याची शक्ति आहे काय, ह्या १९९३ सालीं कोपनहेगन येथें ठरलेल्या कसोट्यांस उतरावयाचें. आणि मग प्रत्येक जुन्या सभासदाची संमति मिळवावयाची. एकानें नकार दिला तरी दार बंद.

कारभाराची रीतही पाहण्याजोगी आहे. कायद्याचा मसुदा आयोग मांडतो. लोकांनीं निवडलेली संसद आणि राज्यांच्या मंत्र्यांचें मंडळ अशा दोघांनीं तो मंजूर करावा लागतो. मंत्रिमंडळांत बहुतेक ठराव मंजूर होण्यास शेंकडा ५५ राज्यें हवींत, आणि त्या राज्यांत संघाची शेंकडा ६५ लोकसंख्या हवी. म्हणजे केवळ मोठ्यांचें चालत नाहीं आणि केवळ लहानांचेंही नाहीं. संसदेच्या ७२० जागांपैकीं जर्मनीस ९६ आहेत आणि चिमुकल्या माल्टास ६. माणशीं हिशेब केला तर माल्टाचें माप कितीतरी भरतें. लहानाचा आवाज बुडूं नये, हाच त्यांतील हेतु.

एक फरक मात्र मोठा आहे. युरोपीय संघांतून बाहेर पडतां येतें, ब्रिटन ता. ३१ जानेवारी २०२० रोजीं बाहेर पडलें. भारतांत तशी मुभा नाहीं. आपला संघ राज्यांच्या करारांतून झालेला नसून म्हणूनच कोणा राज्यास फुटून जाण्याचा अधिकार नाहीं, हें डॉ. आंबेडकर ह्यांनीं ता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटना समितींत स्पष्ट केलें होतें. आम्हांस ह्यांतून असा बोध होतो, कीं ज्या घराचें दार बाहेर उघडत नाहीं त्या घरांत आंतील वाटणी अधिकच न्यायाची असली पाहिजे.

वाटणीचा प्रश्न

तशी ती आहे काय? कागदावर व्यवस्था चांगल्या आहेत. केंद्रानें वसूल केलेल्या करांचा वाटा राज्यांस किती द्यावा, हें घटनेच्या २८० व्या कलमाप्रमाणें वित्त आयोग सुचवितो. पंधराव्या आयोगानें तो शेंकडा ४१ सुचविला. ता. १ जुलै २०१७ पासून लागू झालेला वस्तु व सेवा कर ठरविणाऱ्या परिषदेंत केंद्राच्या मताचें वजन एक तृतीयांश, सर्व राज्यांचें मिळून दोन तृतीयांश, आणि ठरावास तीन चतुर्थांश पाहिजेत. केंद्र एकट्यानें कांहीं करूं शकत नाहीं, आणि केंद्रावांचून राज्यांसही कांहीं करतां येत नाहीं.

परंतु राज्याच्या पोटांतही लहानमोठे भाऊ असतातच. ता. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराच्या वेळीं विदर्भ व मराठवाडा ह्यांस विकासाच्या खर्चांत योग्य वाटा देण्याचें वचन दिलें गेलें. १९५६ सालीं घटनेच्या ३७१ व्या कलमांत विकास मंडळांची तरतूद झाली. तरीही १९८३ सालीं प्रो. वि. म. दांडेकर ह्यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमून मागासलेल्या भागांचा अनुशेष मोजावा लागला, आणि मंडळें प्रत्यक्ष स्थापन झालीं तीं १९९४ सालीं. २०२० सालीं त्यांची मुदत संपली. १९५६ ची तरतूद आणि १९९४ ची अंमलबजावणी! वजाबाकी मुलांनींच करावी. त्यावरून हेंही शिकावें, कीं वाटा कागदावर लिहिल्यानें मिळत नाहीं. ज्याचा तो आहे त्यानें हिशेब ठेवून तो मागावा लागतो.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. ता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी, सास्तूर आणि भोंवतालचीं गांवें भूकंपानें जमीनदोस्त झालीं. हजारों माणसें दगडमातीखालीं गेलीं. सास्तूर तर आपल्याच तालुक्यांतील. त्या दिवसानंतर मदत आली ती कोणत्या नाक्यावर अडली नाहीं. सैन्याचे जवान आले, इतर राज्यांतून धान्य व कपडे आले, आणि जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्यानें सरकारनें ५० हून अधिक गांवें नव्या जागीं वसविलीं. विहिरीचा गाळ आपण दुसऱ्यांसाठीं कां काढावा, असें ज्याला वाटतें त्यानें सास्तुरास जाऊन नवीं घरें पाहावीं.

तेव्हां, विद्यार्थीमित्रहो, संघाची खरी परीक्षा राजधानींत होत नाहीं. त्याच्या अगदीं शेवटच्या गांवांतील अगदीं गरीब माणसास मत आहे काय, वाटा आहे काय, आणि संकटांत हात मिळतो काय, येथें ती होते. तें गांव आपलें आहे. म्हणून परीक्षकही आपणच आहों.

घरीं करावयाचा अभ्यास

१. आजोबाआजींस विचारा : त्यांनीं किंवा त्यांच्या वडिलांनीं हाली रुपया पाहिला होता काय? सोलापुरास जातांना नाका कोठें लागे?

२. ८४ हाली रुपयांचे कलदार किती, आणि ७२ कलदारांचे हाली किती?

३. आपल्या ग्रामपंचायतीस किंवा नगरपंचायतीस केंद्राकडून व राज्याकडून किती रक्कम मिळाली, तें कार्यालयांत जाऊन नम्रपणें विचारा आणि वहींत लिहून आणा. हिशेब विचारणें हेंही सभासदाचें कर्तव्यच आहे.