डिझेल गाडीचे ‘मिसिंग’ व इंजेक्टरची परीक्षा

यवतमाळ जिल्ह्यात मृगाच्या पावसापूर्वी बी-बियाणे व खते गावात आणावयाची असतात आणि दिवाळीच्या आगेमागे वेचलेला कापूस यवतमाळ, वणी, पांढरकवडा, पुसद अशा बाजारांत पोहोचवावयाचा असतो. पूर्वी हे काम बंडीने होत असे. आज त्यातील बराच भार डिझेलवर चालणाऱ्या जीप, पिकअप व ट्रॅक्टर यांनी उचलला आहे. ऐन हंगामात इंजिन ठोके चुकवू लागले म्हणजे गाडीचा धनी घाईघाईने सर्व इंजेक्टर बदलावयास सांगतो. पैसा खर्च होतो आणि पुष्कळदा दोष तसाच राहतो. कारण तो इंजेक्टरमध्ये नसून गाळणीत साचलेल्या पाण्यात किंवा गळक्या व्हॉल्व्हमध्ये असतो. यास्तव आधी निदान व मगच खर्च, हा नियम पाळणे हितावह होय.

ठोका का चुकतो?

रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ साली जर्मनीत यशस्वी ठरले. त्याचे मूळ तत्त्व आजही तेच आहे. या इंजिनात ठिणगी देणारा प्लग नसतो. पिस्टन हवेला इतके दाबतो की ती ५०० अंश सेल्सिअसहून अधिक तापते. त्या तप्त हवेत इंजेक्टर डिझेलचा धुक्यासारखा बारीक फवारा सोडतो व तो आपोआप पेट घेतो. तेव्हा ठोका पडण्यास तीन गोष्टी लागतात : पुरेसे दाबलेली हवा, वेळेवर आलेले स्वच्छ डिझेल आणि बारीक फवारा. यांपैकी एक जरी उणी पडली, तरी ठोका चुकतो. इंजेक्टर हा या तिहींपैकी केवळ एकाचा धनी आहे.

प्रथम कान, डोळे व नाक

ठोका एका ठरावीक तालात चुकत असेल, तर दोष बहुधा एकाच सिलिंडरचा असतो. तो कधी येथे, कधी तेथे, असा अनियमित चुकत असेल, तर सर्व सिलिंडरांस सामायिक असलेल्या डिझेल-पुरवठ्यात हवा किंवा पाणी शिरल्याचा संशय घ्यावा.

धुराचा रंगही बोलका असतो. डिझेलचा वास असलेला पांढरा धूर म्हणजे डिझेल आत येते, पण जळत नाही. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल अधिक, अथवा फवाऱ्याऐवजी थेंब गळतात. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे; त्याचा इंजेक्टरशी संबंध नाही.

यानंतर एअर क्लिनर पाहावा. काळ्या मातीच्या रस्त्यांवरील धुळीने तो लवकर तुंबतो. डिझेल गाळणीच्या तळाचे पाणी काढून टाकावे. जुन्या इंजिनात गाळणीवरील स्क्रू सैल करून हातपंप दाबावा. बुडबुडे थांबून अखंड धार येऊ लागली की स्क्रू आवळावा. एवढ्यानेच अनेक इंजिने सुधारतात.

गाडीची जात ओळखावी

पुढील परीक्षेपूर्वी इंजेक्टर नीट पाहावा. त्याच्या माथ्यावर विजेच्या तारेचा जोड असेल, तर ती गाडी संगणक-नियंत्रित आहे. तिची एकही दाबाची नळी सैल करू नये. पंपापासून प्रत्येक इंजेक्टरकडे स्वतंत्र नळी जात असेल व इंजेक्टरवर तारेचा जोड नसेल, तरच खालील रीत वापरावी.

दोषी सिलिंडर शोधण्याची रीत

इंजिन गरम करून मंद गतीवर चालू ठेवावे. डोळ्यांवर चष्मा व हातांत जाड हातमोजे असावेत. एका इंजेक्टरच्या नळीचा नट चिंधीने झाकून पान्याने किंचित सैल करावा. इंजिनाचा आवाज बदलून गती मंदावली, तर तो सिलिंडर काम करीत होता असे समजावे व नट पुन्हा आवळावा. अशा रीतीने एकेक नट पाहत जावे. ज्या नटाने आवाजात काहीच फरक पडत नाही, तोच सिलिंडर दोषी होय. सांडलेले डिझेल तप्त भागावर पडू देऊ नये; त्याने आग लागण्याचा संभव असतो.

त्या सैल नटातून डिझेल उसळत नसेल, तर दोष पंपात किंवा नळीत आहे. डिझेल उसळत असेल, तर इंजिन बंद करून दोषी व चांगल्या सिलिंडरांचे इंजेक्टर परस्परांत बदलावे. काढण्यापूर्वी भोवतालची माती पुसावी व बसविताना तांब्याची नवी वॉशर घालावी. मग पुन्हा परीक्षा करावी. दोष इंजेक्टरबरोबर दुसऱ्या सिलिंडरात गेला, तर इंजेक्टर दोषी. दोष जागच्या जागी राहिला, तर व्हॉल्व्ह, पिस्टन रिंगा किंवा हेड गॅस्केट तपासावयास हवे. अशा वेळी नवा इंजेक्टर घेणे व्यर्थ होय.

इंजेक्टरची परीक्षा

दोषी ठरलेला इंजेक्टर पंप-नोझलच्या कारखान्यात हाताच्या परीक्षा-पंपावर तपासून घ्यावा. तेथे तीन गोष्टी पाहाव्या : तो ठरल्या दाबावर उघडतो काय, फवारा सारखा व बारीक पडतो काय, आणि टोकाशी थेंब गळतो काय. हा दाब निरनिराळ्या इंजिनांत निरनिराळा असतो. तो निर्मात्याच्या पुस्तिकेतून घ्यावा. नोझल व त्यातील सुई ही जोडी एकमेकींसाठीच घासून बसविलेली असते. एकीची सुई दुसरीत घालू नये, तसेच टोक तारेच्या ब्रशने जोराने खरवडू नये.

गळका इंजेक्टर तसाच चालविल्यास पिस्टनचा माथा जळतो आणि न जळलेले डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते. ऑइलची पातळी आपोआप वाढली किंवा त्यास डिझेलचा वास आला, तर गाडी त्वरित थांबवावी.

कॉमन रेल गाड्या

१९९७ पासून मोटारींत आलेल्या या पद्धतीत सर्व इंजेक्टर एका सामायिक नळीतून डिझेल घेतात व तिच्यातील दाब १००० बारच्याही वर जातो. गाडीच्या चाकातील हवेचा दाब दोन-तीन बार असतो, यावरून त्या शक्तीची कल्पना यावी. येथे निदान संगणकास जोडलेल्या यंत्राने करतात. प्रत्येक इंजेक्टरमधून परत येणारे डिझेल मोजूनही दोषी इंजेक्टर ओळखता येतो. पुष्कळ गाड्यांत नव्या इंजेक्टरचा सांकेतिक क्रमांक संगणकात नोंदवावा लागतो. हे काम जाणत्या कारागिराचेच होय.

सर्वांत महत्त्वाची सूचना

दाबाच्या डिझेलच्या फवाऱ्यापुढे बोट कधीही धरू नये, मग इंजिन जुने असो वा नवे. तो फवारा कातडी भेदून आत शिरतो. जखम सुईच्या टोचणीएवढी दिसते व प्रथम फारशी दुखतही नाही. परंतु आतले मांस मरू लागते व हात गमावण्याची पाळी येऊ शकते. अशा मनुष्यास दुखण्याची वाट न पाहता तत्काळ रुग्णालयात न्यावे व डिझेल आत शिरल्याचे डॉक्टरांस स्पष्ट सांगावे.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी गावातील चालक व मिस्त्री यांस एकत्र करून ही रीत दाखवावी. डिझेल स्वच्छ व झाकणाच्या भांड्यातच साठवावे आणि गाळणी वेळच्या वेळी बदलावी. त्यायोगे इंजेक्टर दीर्घकाळ टिकतील व शेतकऱ्याचा माल वेळेवर बाजारास जाईल.