रात्री बाराचे ऊन

आम्ही पस्तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला. "उत्तरेकडे सहा महिने दिवस आणि सहा महिने रात्र असते," असे दर वर्षी सांगत आलो. एकदा एका मुलाने विचारले, "गुरुजी, सहा महिने रात्र असली तर म्हशीची धार कधी काढायची?" सारा वर्ग हसला. आम्ही त्या मुलाला बाकावर उभे केले.

पुढे 2019 सालच्या जून महिन्यात तो मुलूख आम्हाला डोळ्यांनी पाहायला मिळाला. आमचा मुलगा नॉर्वे देशात नोकरीला. त्याने आम्हा दोघांना ट्रॉम्सो नावाच्या शहरी नेले. हे शहर एका बेटावर आहे. चहूकडे समुद्र, पलीकडे डोंगर, डोंगरावर जूनमध्येही बर्फ! पण बंदरातले पाणी हिवाळ्यातसुद्धा गोठत नाही. दक्षिणेकडून समुद्राचा कोमट प्रवाह तिथवर येतो, म्हणून.

सकाळी आम्ही धक्क्यावर गेलो. तिथे रुआल आमुंडसेन यांचा पुतळा आहे. 1911 साली दक्षिण ध्रुवावर सर्वांत आधी पोचले, ते हेच. 1928 साली बर्फात अडकलेल्या माणसांना शोधायला ते याच गावाहून विमानाने निघाले. ते परत आले नाहीत. आम्ही पुतळ्यापुढे घटकाभर थांबलो.

मग मोठा पूल ओलांडला. तो 1960 साली झाला. एक किलोमीटरहून लांब आहे. पलीकडे पांढरेशुभ्र, त्रिकोणी चर्च आहे.

संध्याकाळचे सात वाजले. आमच्या मंडळींची दिवेलागणीची वेळ. पण ऊन लख्ख पडलेले! दिवा कशाला लावायचा? त्यांनी घड्याळ पाहून हात जोडले.

रात्री अकराला तारेवरच्या पाळण्यात बसून आम्ही डोंगरावर गेलो. पायी जाणाऱ्यांसाठी दगडी पायऱ्याही आहेत, बाराशेहून जास्त. त्या नेपाळच्या शेर्पांनी बांधल्या. वर माघातल्या पहाटेसारखा गारठा होता. बारा वाजले. सूर्य उत्तरेला, क्षितिजाच्या थोडा वर! तो बुडालाच नाही. तसाच पूर्वेकडे सरकू लागला.

असे का होते? घरी करून पाहा. एका लिंबात काडी खुपसा. दिव्यापुढे धरा. काडीचे वरचे टोक दिव्याकडे जरा कलते करा. आता काडी गरगर फिरवा. मधल्या भागावर उजेड येतो नि जातो. टोकाजवळचा उजेड हलत नाही. आपली पृथ्वी अशीच कलती फिरते.

पण सहा महिन्यांचा दिवस फक्त ध्रुवावर. ट्रॉम्सोत तो दोनच महिन्यांचा, मेच्या विसाव्या तारखेपासून जुलैच्या विसाव्या तारखेपर्यंत, थोडे मागेपुढे. हिवाळ्यात दीडएक महिना सूर्य उगवत नाही. तेव्हाही दुपारी झुंजुमुंजू होते. म्हणजे आम्ही अर्धवट शिकवत होतो.

उतरलो आणि जाड काळे पडदे ओढून झोपलो. सकाळी घरमालकिणीला मुलाकरवी विचारले, "इथे गाईंची धार कधी काढतात?" ती म्हणाली, "सकाळ-संध्याकाळ. घड्याळ पाहून. गाय काय सूर्याकडे बघत बसते?"

गावी आल्यावर त्या मुलाला गाठले. तो आता चार म्हशी पाळतो. त्याला सगळे सांगितले. तो म्हणाला, "म्हणजे गुरुजी, माझा प्रश्न बरोबर होता."

आम्ही म्हटले, "होता रे बाबा."