कुडा

आपल्या नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, पेठ, सुरगाणा ह्या बाजूला डोंगरउतारांवर कुड्याची झुडपे आहेत. वैशाखात सारे रान वाळलेले असते. अशा वेळी कुड्याला नवी पालवी फुटते आणि पांढऱ्या फुलांचे घोस लागतात. वास मोठा गोड. संस्कृतात ह्याला कुटज म्हणतात तसेच गिरिमल्लिकाही म्हणतात. गिरिमल्लिका म्हणजे डोंगरातला मोगरा. कालिदासाच्या 'मेघदूता'त यक्ष ढगाचे स्वागत करतो ते ह्याच फुलांनी. आपण मात्र त्याला सरपण समजतो! हिवाळ्यात ह्याची मोठाली पाने पिवळी पडतात आणि गळतात. मग फांद्यांवर लांब शेंगांच्या जोड्या लोंबत राहतात.

कुड्याची साल कडू असते. आव पडते, पोटात मुरडा येतो, त्यावर वैद्य ही साल देतात. कुटजारिष्ट तिचेच करतात. शेंगेतल्या बियांना इंद्रजव म्हणतात. त्याही औषधी आहेत. पण एक सांगतो. लहान मुलाला जुलाब लागले तर साल उगाळत बसू नका. जुलाबाने अंगातले पाणी जाते आणि त्यानेच मूल दगावते. १ लिटर उकळून गार केलेले पाणी घ्या. त्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवा. ते घोट घोट पाजत राहा. अंगावरचे दूधही चालू ठेवा. शौचात रक्त दिसले किंवा मूल मलूल झाले तर तडक दवाखाना गाठा.

कुडा दोन जातींचा असतो, पांढरा आणि काळा. आवेवरची साल पांढऱ्या कुड्याची. बाजारात दोन्हींची भेसळ होते, म्हणून ओळख पक्की हवी. काळ्या कुड्याच्या फुलात मधोमध पांढरी झालर असते. पांढऱ्याच्या फुलात ती नसते. काळ्याच्या शेंगांची जोडी कोवळेपणी टोकाशी जुळलेली असते. पांढऱ्याच्या दोन्ही शेंगा सुट्या लोंबतात. काळ्याच्या पानांपासून पूर्वी निळा रंग काढीत. पांढऱ्याचे बी कडू, म्हणून त्याला कडू इंद्रजव म्हणतात. काळ्याचे ते गोडे इंद्रजव.

आता साल काढण्याविषयी. काही लोक खोडाभोवतीची साल गोल सोलून नेतात. चार पैसे मिळतात, पण झुडूप वाळते. असे का होते? पाने अन्न तयार करतात. ते अन्न सालीतून खाली मुळांना पोचते. साल गोल काढली की वाट तुटली, मुळे उपाशी राहिली. कुड्याला जनावरे सहसा तोंड लावत नाहीत. त्याचा नाश होतो तो माणसाच्या कोयत्याने.

तेव्हा खोडाला हात लावू नये. एखादी जाड फांदी कापावी आणि तिची साल काढावी. कधी झुडूपच तोडावे लागले तर बुंधा आणि मुळे राखावीत. कुडा चिवट आहे. बुंध्यातून नवे धुमारे फुटतात, मुळांतूनही कोंब वर येतात.