माशांआधी जिवाणू

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली खुले झाले. काचेपलीकडचे मासे पिढ्यान् पिढ्या पाहिले गेले. त्यांचे पाणी राखणारी व्यवस्था मात्र पडद्याआड राहिली.

लहान टाकीत हे काम तिच्याखालील दुसऱ्या टाकीत, म्हणजे संपमध्ये होते. वरून ओसंडणारे पाणी स्पंजातून गाळून सच्छिद्र चिनीमातीच्या कड्यांवरून वाहते व पंपाने पुन्हा वर चढते. माशांच्या उत्सर्गातील अमोनिया विषारी असतो. कड्यांवर वसलेले जिवाणू त्याचे नायट्राइट व नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही घातकच, नायट्रेट पाणी बदलून आटोक्यात राहते.

ही वसाहत जमण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. तोवर स्वस्तातले मासे सोडून, ते मरू देऊन टाकी ‘तयार’ करण्याची रीत आहे. प्राणातिपातापासून विरत राहण्याचे शील नित्य ग्रहण करणाऱ्या विद्यार्थ्यांना ती शोभत नाही, आणि तिची गरजही नाही. रिकाम्या टाकीत रोज खाद्याची चिमूट टाकावी. ते कुजून अमोनिया देते. खाद्य चालू असतानाही अमोनिया व नायट्राइट शून्य आढळले, की मासे आणावेत, तेही थोडे थोडे.

कड्या नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याने धुऊ नयेत. वीज गेल्यावर वरचे पाणी खाली उतरते. तेवढी जागा संपमध्ये मोकळी असावी. भारनियमन तळेगाव ढमढेरेकरांना नवे नाही.